मयेकरांनी मढवलेलं विमान

कापडाच्या दुकानात जाऊन कापडातून फुंकर मारून बघणारा माणूस मी एकच पाहिला. रत्नागिरीच्या बाजारपेठेत, दिवाळीच्या गर्दीत, यशवंत मयेकर काउंटरशी उभे होते. पुढ्यात पांढऱ्या रेशमी कापडाचा तागा. त्याचा एक कोपरा दोन्ही हातांनी ताणून ते तोंडाशी धरत, फुंकत, आणि दुकानातल्या उदबत्तीचा धूर पलीकडे हलतो का ते बघत. दुकानदाराला घाई होती.

"काका, अस्तराचं हाय ते. कोणाला शिवायचंय?"

"विमानाला," मयेकर म्हणाले.

शेजारच्या दोन बायका हसल्या. मीही हसले असते, पण मी मयेकरांच्या शेजारीच राहत होते. विमान कोणाचं, ते मला ठाऊक होतं.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची दोन घरं एकाच भिंतीची होती. पडवी सलग, मधे फक्त कमरेएवढा कठडा. मी तिथे भाड्याने राहायला गेले तेव्हा मयेकर बोटीवरून नुकते कायमचे घरी आले होते. मूळचे पूर्णगडचे. जन्मभर मालवाहू बोटींवर फिटर होते, इंजिनाच्या खोलीत. उंची बेताची, मान आखूड, हात मात्र शरीराच्या मानाने मोठे. इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, पण अशी माणसं मोठ्याने बोलतात तसे ते बोलत नसत. उलट इतकं हळू बोलत की समोरच्याने पुढे वाकावं. मी शाळेत शिकवते म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत.

घरात त्यांची शिस्त बोटीची होती. कपाटातल्या बरण्या पडू नयेत म्हणून फळीला पुढून काठी आडवी ठोकलेली. मयेकरकाकी, म्हणजे त्यांची बायको सुनंदा, वैतागून म्हणायची, "घर काय हलतंय काय?" त्यावर ते म्हणायचे, "हलेपर्यंत कळत नाय." दुपारचा चहा ते उभ्याने प्यायचे. घाम पुसायला खांद्यावर जुनं फडकं, ते रोज संध्याकाळी स्वतः धुवायचे. आणि कुणी काहीही दुरुस्तीला आणलं, मिक्सर असो की छत्री, की ते आधी बराच वेळ नुसतं हातात धरून बसत. उघडत नसत. "आधी त्याला काय झालंय ते त्याच्याकडनं ऐकायचं," म्हणायचे.

त्यांना एकच मुलगा, निखिल. मी राहायला गेले तेव्हा तो चोविशी-पंचविशीचा होता, एका कंपनीत नोकरीला. उंच, लाजरा. मला येता-जाता नुसती मान हलवायचा. त्याच्या खोलीत छताला टांगलेली लहान-लहान विमानं पडवीतून दिसायची, आणि टेबलावर एक मोठं, अर्धवट. एकावर एक दोन पंख असलेलं जुन्या काळचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान, खऱ्याचं हुबेहूब लहान रूप. पंखाची लांबी एका माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढी. सगळं हलक्या बाल्सा लाकडाचं. पंखात ओळीने पातळ फासळ्या बसवलेल्या, त्यांतून आरपार दिसायचं. ते कापडाने मढवायचं राहिलं होतं.

ते राहिलं, कारण निखिल गेला. कंपनीतून परत येताना महामार्गावर मोटरसायकलला अपघात झाला. मयेकर कायमचे घरी येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की मयेकर रडलेले मी पाहिले नाहीत. लोक भेटायला येत, ते हात जोडून उठत, खुर्ची पुढे करत. सगळे गेल्यावर पडवीत कठड्याशी येऊन उभे राहत. एकदा मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "बाई, माझी नि त्याची ओळखच नव्हती धड."

मी म्हटलं, "असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतो. वर्षातले नऊ-दहा महिने मी पाण्यात. सुट्टीला आलो की हा पाण्याचा तांब्या आणून द्यायचा. पाहुण्याला देतात तसा. आवशीला 'अगं' म्हणायचा, मला 'अहो बाबा'. म्हटलं, आता कायमचा आलोय, होईल हळूहळू." चहा घेतला. "हळूहळू करायला गेलो."

निखिलची खोली बरेच दिवस बंद होती. पावसाळा सरत आला तेव्हा मयेकरांनी ती उघडली आणि टेबलाशी जाऊन बसले. त्या अर्धवट विमानाला त्यांनी कित्येक दिवस हात लावला नाही. नुसते बघत बसत. मग मोबाईलवरचे व्हिडिओ बघायला लागले. परदेशी म्हातारे विमानाला कापड कसं चढवतात ते दाखवायचे, आणि कमी ऐकू येतं म्हणून मयेकर मोबाईल कानाला लावून ऐकायचे, मग लांब धरून बघायचे, परत कानाला.

त्यातून त्यांना कळलं ते असं. रेशीम ओलं करून सांगाड्यावर पसरायचं, कडा चिकटवायच्या. वाळलं की ते ताठ होतं. मग त्यावर डोप नावाचं पातळ रोगण ब्रशने लावायचं. ते सुकताना कापड आणखी आवळून घेतं आणि विणीतली भोकं बुजतात. हे सगळं ऐकायला सोपं. मयेकरांनी सरावासाठी स्वतः एक लहान पंख बनवला, त्यावर कापड चढवलं आणि डोप लावलं. सकाळी बघतात तर सगळा पंख पांढरा पडलेला, बुरशी आल्यासारखा. आमच्या इथल्या दमट हवेत ते रोगण असंच पांढरं पडतं. दुसरा पंख केला तो जास्त ओढला गेला. सुकल्यावर त्याला पीळ पडला. टेबलावर ठेवला की एक कोपरा वर राहायचा.

वासाचा त्रास होतो का, हे ते मला रोज विचारत. नेलपॉलिशसारखा तो उग्र वास दोन्ही घरांत भरायचा. पेट घेणारं रोगण, म्हणून काकीने देवाजवळचा दिवा मागच्या खोलीत नेला होता. ती काही बोलत नव्हती. मला वाटायचं, नवरा कशात तरी रमलाय म्हणून ती समाधानी आहे. तसं नव्हतं.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली. सरावाचे पंख आता नीट जमू लागले होते. बाजारातून आणलेलं रेशीम मयेकरांनी धुऊन, इस्त्री करून ठेवलं. ज्या सकाळी ते निखिलच्या पंखाला पहिलं कापड लावणार होते, त्या सकाळी काकी खोलीच्या दारात उभी राहिली. मी कठड्याच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. तिचा आवाज मला पहिल्यांदा इतका चढा ऐकू आला.

"हात लावू नका त्याला."

"अगं, पुरं करतोय. त्याचंच काम—"

"पुरं काय करताय? झाकताय. ती अक्षरं बघितलीत काय? त्या लाकडावर त्याचं अक्षर हाय. पेन्सिलीचं. सगळीकडे हाय. ते झाकणार तुम्ही."

आतून बादली सरकवल्याचा आवाज आला.

"तुम्हाला काय," काकी म्हणाली, "तुम्ही त्याला आता बघताय. मी पंचवीस वर्षं बघितलाय. माझ्याकडे तेवढंच राहिलंय उघडं."

मयेकर बाहेर आले, कापड भिजवायला भरलेली बादली पडवीतल्या तुळशीला ओतली आणि कठड्याशी उभे राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

त्यानंतर वर्षभर त्यांनी त्या विमानाला हात लावला नाही. खोलीचं दार मात्र उघडंच राहिलं. ते रोज फडक्याने टेबल पुसत, विमानाभोवतीचं. आळीतल्या छत्र्या दुरुस्त करत. काकीला कधी टोचून बोलले नाहीत, की माझ्याशी त्याबद्दल काही बोलले नाहीत. एकदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्यांना बोलवायला गेले, तर सरावाचे पंख देऊन म्हणाले, "हे न्या. मुलांना कापड कसं ताणतं ते दाखवा. मी नाय येत. मुलं विचारतील, विमान कुठाय."

पुढच्या पावसात त्या खोलीत ओल आली. उघड्या लाकडावर दोन-तीन जागी काळे ठिपके पडले. आणि पाऊस ओसरल्यावर एके सकाळी काकी झाडायला गेली, तर वरच्या पंखाच्या फासळ्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. बोटाच्या पेराएवढं, सुकून घट्ट झालेलं. काकीने ते नखाने काढायचा प्रयत्न केला. माती निघाली, पण तिच्याबरोबर लाकडाची पापुद्र्यासारखी कपची निघाली, आणि त्या कपचीवरची पेन्सिल.

ती कपची तळहातावर घेऊन ती पडवीत आली. मयेकर चहा घेत होते. तिने तळहात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"राहत नाय हो काही," ती म्हणाली. "नुसतं उघडं ठेवून राहत नाय."

मयेकरांनी चहा खाली ठेवला. ती कपची घेतली, आत नेऊन होती तिथे गोंदाने परत बसवली. ते करताना त्यांचे ते मोठे हात फार सावकाश चालत होते. मी दारातून बघत होते.

"झाका आता," काकी म्हणाली. "पण आधी मी सांगते तुम्हाला सगळं. मग झाका."

पुढचे कित्येक दिवस दुपारची जेवणं झाली की ती दोघं त्या खोलीत बसत. भिंत एकच आणि खोलीचं दार उघडं असल्यामुळे मला पडवीत ऐकू येई, आणि खरं सांगायचं तर मी ऐकत असे. मयेकर एकेका फासळीवर बोट ठेवत आणि विचारत. काकी सांगे.

"हितं घाई केलेली दिसते. कापलंय बघ, घासलेलंच नाय."

"ते गणपतीतलं. आरतीला बोलावत होते सगळे. अर्धवट टाकून पळाला."

"हा डाग कसला?"

"कोकमचं सरबत. सांडलं त्याच्याकडनं. घाबरला, मला हाक मारलीन, मी कापूस आणून टिपलं."

"हितं काय लिहिलंन? 'चुकलं' लिहिलंय. नि बाण काढलाय."

"हो. चुकलं की लिहून ठेवायचा. मी विचारलं, असं का रे? तर म्हणाला, नायतर उद्या मलाच वाटेल बरोबर हाय."

यावर मयेकर हसले. निखिल गेल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हाच ऐकलं. आणि मग बऱ्याच वेळाने त्यांचा तो हळू आवाज आला, "माझ्याबद्दल काय बोलायचा?"

"बोलायचा," ती म्हणाली. "गोंद लावताना म्हणायचा, बाबांना इंजिनातलं कळतं, हे झालं की इंजिन बाबांकडनं बसवून घेणार. पण तुम्हाला विचारायची लाज वाटायची त्याला. म्हणायचा, ते सुट्टीला आलेत, त्यांना काय काम सांगायचं."

मी उठून आत गेले. ते ऐकण्याचा मला काही अधिकार नव्हता.

कापड चढवायच्या दिवशी मला बोलावलं होतं. दोन माणसं लागतात, तिसरं कोणीतरी पंख धरायला हवं म्हणून. मी दोन्ही टोकांना हात लावून पंख धरला. काकीने रेशीम पाण्यातून काढून हलक्या हाताने पिळलं आणि दोघांनी ते चारी कोपऱ्यांनी धरून पंखावर अलगद सोडलं.

"ओढू नको," मयेकर म्हणाले. "नुसतं ठेव. सुकताना ते आपणच ओढून घेतं."

"कळलं."

"सुरकुती राहिली तर राहू दे."

"कळलं म्हटलं ना."

ओलं रेशीम लाकडाला बिलगलं आणि त्यातून सगळं दिसायला लागलं. फासळ्या दिसत होत्या, कोकमचा तो तांबूस डाग दिसत होता, पेन्सिलीचं 'चुकलं' आणि त्याच्यापुढचा बाणही. उघडं होतं तेव्हापेक्षाही मला ते ठळक वाटलं. काकी ओणवी होऊन बघत होती. मयेकर कडांना डोप लावत पुढे सरकत होते.

मग कापड सुकायला लागलं. कडेकडून पांढरं होत ते मधे आलं. फासळ्या आधी अंधुक झाल्या, मग नुसते उंचवटे राहिले. अक्षर गेलं. काकी शेवटपर्यंत त्या एका जागेकडे बघत उभी होती. ते पूर्ण पांढरं झालं तशी ती पदराने हात पुसत मागच्या खोलीत निघून गेली. मयेकरांनी ब्रश थांबवला नाही. फक्त मला म्हणाले, "बाई, धरलंय ते सोडू नका हां. पीळ पडेल."

दुसऱ्या दिवशी कोरडं ऊन होतं. मयेकरांनी सबंध पंखावर डोपचा पहिला हात दिला. डोप मुरलं तसं रेशीम तेलकट कागदासारखं होत गेलं. ते पंख उचलून खिडकीशी गेले, उजेडासमोर धरला आणि तिथूनच हाक मारली, "सुनंदा, ये हिकडे."

त्यांच्या तोंडून तिचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. काकी पिठाचे हात घेऊन आली.

उजेडात फासळ्यांच्या सावल्या दिसत होत्या. डाग दिसत होता. अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिथे काही लिहिलंय एवढं कळत होतं. पिठाचा हात लागू नये म्हणून मनगटाने तिने त्या जागेला स्पर्श केला.

विमान पुरं व्हायला तो सगळा हिवाळा गेला. कापडाला रंग लावायचा राहिला तो राहिलाच. अशाच विमानांच्या नादातला निखिलचा एक मित्र कोल्हापूरहून मुद्दाम बघायला आला होता. विमानाभोवती फिरून फिरून त्याने बघितलं, काम फार सुंदर झालंय म्हणाला, आणि म्हणाला, "काका, यावर पिवळा रंग यायला हवा. निखिलने पिवळाच ठरवला होता. खऱ्या विमानाला तसाच असतो. त्याशिवाय हे पुरं झालं असं नाही म्हणता येणार."

"हो," मयेकर म्हणाले. "मग पुरं नाय झालं."

त्याने इंजिनाचं विचारलं, तर मयेकरांनी पुढचं झाकण काढून दाखवलं. छोटं इंजिन त्यांनी बसवलं होतं. त्याला तेलाचा एक थेंब दिलेला होता आणि ते फिरवलं की फिरत होतं.

"मग उडवायचं ना?"

मयेकरांनी झाकण परत बसवलं. "मला उडवता येत नाय. त्याला येत होतं," म्हणाले आणि त्या मित्राला चहा विचारायला आत गेले.

पुढच्या वर्षी मयेकर आजारी पडले. आधी दम लागायचा, मग पायावर सूज. डॉक्टरांनी हृदय थकलंय सांगितलं. मुंबईला नेऊन आणलं. परत आले ते निम्मे झालेले. खांद्यावरचं फडकं मोठं दिसायला लागलं होतं. पडवीत आरामखुर्ची घातली होती तिथे बसून असत, पण कुणी मिक्सर घेऊन आला तर नाही म्हणत नसत. मांडीवर घेऊन बसत. दुरुस्त करायचं त्राण नव्हतं, पण परत पाठवताना काय बिघडलंय ते सांगत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका सकाळी, शाळेला निघताना. मांजराने उडी मारली होती आणि खालच्या पंखाचं रेशीम बोटभर फाटलं होतं. काकीने पंख सोडवून पडवीत आणला होता. खाली चटई टाकून ती बसली होती, बाजूला डोपची वाटी, ब्रश आणि रेशमाचा लहान तुकडा. मयेकर खुर्चीत पुढे झुकले होते.

"कडा आधी घासून घे," ते म्हणाले. "नायतर धरायचं नाय."

काकीने कडा घासल्या.

"तुकडा थोडा मोठा घे. नि कोपरे गोल काप. टोकदार कोपरा उचलतो."

तिने कोपरे गोल कापून ठेवले होते. तिने ते त्यांना दाखवले.

"आता डोप पातळ—"

"अहो," काकी मान वर न करता म्हणाली, "मला येतं."

मयेकर थांबले. तिने ब्रश वाटीत बुडवला, काठाला निपटला, फाटलेल्या जागेभोवती एकदाच फिरवला आणि तुकडा ठेवून बोटाने मधून कडेकडे सारत नेला. एकही सुरकुती पडली नाही. मयेकर ते सगळं बघत होते. मग ते सावकाश मागे टेकले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

मी कठड्यापाशी जरा थांबले. म्हटलं, "येते हां, काका."

त्यांनी डोळे न उघडता हात थोडा वर केला. काकी पंखावर ओणवी होऊन डोप सुकायची वाट बघत होती.